न खाल्लेली भाकरी

त्या दिवशी मी भाकरी खाल्ली नव्हती. खाल्ली, असं मी सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बायको उशाशी उभी होती, आणि तिच्यासमोर खरं बोलायची लाज वाटली म्हणून मी 'खाल्ली' म्हणालो. चूक एवढीच. पण तो शब्द मागे घ्यायला मी अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा घालवला. तेवढ्या काळात एका सत्तरीच्या माणसाची सकाळ मोडली आणि त्याच्या बायकोच्या हाताला डाग लागला. या दोघांनी मला एके काळी घरच्यासारखं सांभाळलं होतं. म्हणून हे आधी सांगून टाकतो. नाहीतर त्या माणसाचं कौतुक लिहिता लिहिता मीच पुन्हा चांगला ठरेन, आणि ती सवय मला आहे.

त्यांना अख्खं शिरवणं गाव 'दादूस' म्हणायचं. आगरी घरांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात. ते कोणाचे सख्खे दादूस होते ते कधी कळलं नाही, कारण त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना तीच हाक मारायची. गावठाणात त्यांची एक उंच, अरुंद इमारत होती. खाली ते दोघं नवरा-बायको आणि वरच्या मजल्यांवर भाडेकरू. सोलापूरकडून नोकरीसाठी मी नव्या मुंबईत आलो तेव्हा वरची एक खोली माझी होती. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर झाकलेली ताटली असायची. तांदळाची भाकरी, कधी सुकटीची चटणी, कधी नुसता गूळ. ताटली ठेवणाऱ्या वहिनी, म्हणजे दादूसची बायको, कधी दिसायच्या नाहीत. एकदा मी संकोचून म्हटलं, "वहिनी, रोज कशाला?" तर म्हणाल्या, "रोज भूक लागते ना तुना?" विषय संपला.

पुढे लग्न झालं, नेरूळमध्ये सोसायटीत फ्लॅट घेतला आणि हाकेच्या अंतरावर राहून मी त्या दोघांना विसरलो. सणावाराला रस्त्यात दिसले तर हात जोडायचे, तेवढंच.

दादूस पळायचे. कधीपासून, हे तेही सांगायचे नाहीत. कान मफलरने बांधलेले, अगदी मे महिन्यातसुद्धा. हाफ पँटमध्ये नीट खोचलेला शर्ट. आणि पायात भारीतले बूट, ज्यांना करंगळीच्या जागी ब्लेडने भोक पाडलेलं. मुलीने परदेशातून आणलेल्या बुटांनाही त्यांनी पहिल्याच दिवशी तसं भोक पाडलं. मुलगी रडकुंडीला आली. हे म्हणाले, "आगो, बोटाला बी हवा पायजे."

त्यांचा पळायचा रस्ता मात्र वेड्या माणसाचा होता. सरळ रस्ता समोर असताना ते मध्येच डावीकडे वळायचे, गाड्यांच्या शोरूमला मागून वळसा घालायचे, एका टॉवरच्या पार्किंगमधून भिंतीच्या कडेकडेने जायचे आणि पुन्हा त्याच रस्त्याला यायचे. नवीन माणूस गोंधळायचा. मग कोणीतरी हळूच सांगायचं की दादूस बांधावरून पळतात. शहर व्हायच्या आधी तिथे त्यांची भातशेती होती. जमीन गेली, वर सेक्टर आले, पण शेताचे बांध दादूसच्या डोक्यातून गेले नव्हते. शोरूमच्या जागी त्यांचं मोठं शेत होतं, म्हणून मधून जायचं नाही. "रोप तुडवायचा नाय," म्हणायचे. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. आपण देवळात चप्पल काढतो तसं.

टॉवरच्या नव्या वॉचमनने त्यांना एकदा अडवलं होतं. त्यांच्याबरोबर पळणारे आम्ही सगळे मागे उभे.

"अंकल, उधर से जाओ. गेट से."

"गेट तुझ्या शेठचा. यो बांध माझ्या बापाचा."

"यहां कहां बांध है अंकल? पार्किंग है."

"तुना दिसत नाय. मना दिसतंय." मग दादूस त्याच्या जवळ गेले आणि हिंदीत विचारलं, "गांव में खेती है तेरा?"

"है ना. थोड़ा है."

"उसमें कोई बीच में से चलेगा तो?"

वॉचमन हसला. "टांग तोड़ देंगे."

"बस. तो मेरे को साइड से जाने दे."

दुसऱ्या दिवसापासून तो वॉचमन आम्हाला सलाम ठोकायचा आणि बांधावर कोणी स्कूटर लावली तर ती बाजूला करून ठेवायचा.

मी त्यांच्यामागे पळायला लागलो ते साखरेमुळे. ऑफिसच्या तपासणीत मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, व्यायाम करा म्हणाले, आणि गोळी घेऊन उपाशी राहू नका, हे दोनदा बजावलं. बायकोने ते माझ्यापेक्षा नीट ऐकलं. त्याच आठवड्यात मासळी बाजारात दादूस भेटले. कित्येक वर्षांनी मला जवळून बघत होते. नजर आधी पोटावर गेली.

"काय र बाला, यो कुनाचा घेऊन फिरतोस?"

मी ओशाळून हसलो.

"हसू नको. उद्या सकाली देवलाच्या कट्ट्यावर ये. आनि घरयाल आनू नको."

घड्याळाचा त्यांना तिटकारा होता. आमच्या सोसायटीतले दोघे-तिघे, एक बँकेतल्या मॅडम, गावातली काही माणसं, असा घोळका कट्ट्यावर जमायचा. कोणाच्या मनगटावर नव्या तऱ्हेचं घड्याळ दिसलं की दादूस विचारायचे, "हा पट्टा कुनी बांधला तुना? मालक कुठं हाय?" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या गोष्टीवर फार चिडायचे. "दादूस, डेटा लागतो ओ आजकाल." त्यावर दादूस म्हणायचे, "तुमी बोलत चला. तुमच्या बोलन्यान सगला डेटा हाय."

आणि खरंच, त्यांचं सगळं शास्त्र बोलण्यावर होतं. पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. ते मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारायचे: काल काय जेवलात, सासरी भांडण कशावरून झालं, पापलेट महागलं तर तुम्ही काय घेता. उत्तर धापा टाकत आलं की स्वतःच चालायला लागायचे. "बोलता आला तर पलतोय. नाय आला तर मरतोय."

नवशिक्याला थकवा कसा येतो, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळत नाही. सुरुवातीला सगळं ठीक असतं. आपण उगीच इतकी वर्षं बसून राहिलो, असं वाटायला लागतं. आणि मग कोणीतरी मागून स्विच बंद करावा तसं अंगातलं सगळं एकदम जातं. हळूहळू नाही, एकदम. पाय ओल्या गोणपाटासारखे होतात. त्याहून वाईट असते ती शरम. बाकीचे पुढे चाललेत, आपण कंबरेवर हात ठेवून उभे, आणि रिक्षावाला बघतोय.

बँकेतल्या मॅडमचं पहिल्याच दिवशी तसं झालं. चेहरा पांढरा, ओठ घट्ट मिटलेले, पण थांबायला तयार नाहीत. दादूस पुढे होते. ते एकाएकी थांबले आणि फुटपाथच्या कडेवर धपकन बसले. "थांबा र. मना दम लागला." आम्ही सगळे थांबलो. मॅडमही थांबल्या, आणि दादूसची चौकशी करता करता त्यांच्या शेजारी बसल्या. दादूसनी शहाळ्याच्या भावावरून काहीतरी काढलं. थोड्या वेळाने मॅडमच्या गालांना रंग आला. दादूस उठले. "चला, बरा वाटला मना."

मला हे कळायला बरेच दिवस लागले. दादूसना दम लागतच नव्हता. घोळक्यात कोणीतरी गळायला आलं की ते स्वतः बसायचे. थकलेल्या माणसाला 'थकलो' म्हणावं लागू नये म्हणून ते रोज खोटं बोलायचे. एकदा मी त्यांना हळूच म्हटलंही, "दादूस, तुम्हाला आज दम लागला नव्हता." ते म्हणाले, "गप बस. सांगू नको कुनाला." आणि पुढे म्हणाले ते मला आज जास्त आठवतं. "अंग कधी खोटा बोलत नाय बाला. माणूस बोलतंय."

पळायच्या आधीचा त्यांचा एक नेम होता. कट्ट्यावर स्टीलचा डबा उघडायचा. त्यात वहिनींनी पहाटे केलेल्या भाकऱ्यांचे तुकडे आणि गुळाचे खडे. प्रत्येकाच्या हातावर तुकडा आणि खडा ठेवायचा, आणि मग पाठ फिरवून देवळाकडे तोंड करून उभं राहायचं. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, असं त्यांच्या घरातलं वळण. सगळ्यांचं होईपर्यंत ते वळायचे नाहीत. "पोटान काय नाय तर पाय काय खानार?" एवढं म्हणायचे, तेही देवळाकडे बघत.

त्यांच्या या सभ्यपणाचा मी फायदा घेतला.

झालं असं की महिनाभर पळूनही माझं पोट काही उतरेना. ऑफिसातला एक जण दिवसदिवस उपाशी राहायचा आणि खरोखर बारीक झाला होता. मोबाइलवर कोणी कोणी सांगत होतं की रिकाम्या पोटी पळालं की चरबी जळते. मी ते धरून बसलो. रात्रीचं जेवण निम्मं करायचो, सकाळी काही घ्यायचो नाही. गोळी मात्र घ्यायचो, कारण बायको समोर उभी राहून गोळी द्यायची. "खाल्लं का काही?" असं तिने विचारलं तर म्हणायचो, "दादूस भाकरी देतात की." तिला तेवढं पुरेसं होतं. वहिनींच्या हातची भाकरी म्हणजे तिच्या दृष्टीने औषधच.

आणि कट्ट्यावर दादूसची पाठ वळली की भाकरीचा तुकडा मी रुमालात गुंडाळून खिशात घालायचो. नंतर देवळामागच्या भिंतीवर कावळ्यांना टाकायचो. पहिल्या दिवशी मन खात राहिलं. मग सवय झाली.

तो दिवस पावसाळ्याच्या तोंडाशी आला. हवा दमट, घाम वाळेना. पावसाचं पाणी साठवायच्या होल्डिंग पाँडच्या बाजूच्या रस्त्याला लागलो आणि माझे हात कापायला लागले. घाम गार वाटत होता. मॅडम काहीतरी विचारत होत्या आणि मला शब्द जुळवून उत्तर देता येईना. दादूसनी एकदा वळून बघितलं आणि लगेच कडेला बसले.

"थांबा र. मना दम लागला."

सगळे थांबले. मी नाही थांबलो. मला त्यांची युक्ती माहीत होती ना! ते माझ्यासाठी बसलेत हे मला कळलं आणि त्याचाच राग आला. इतके दिवस झाले, अजून माझ्यासाठी बसावं लागतंय? मी म्हणालो, "तुम्ही बसा दादूस, मी होतो पुढे." हे मॅडमना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो.

थोडाच पुढे गेलो. मग रस्त्याच्या कडेचं रेलिंग हातात धरलेलं आठवतं, आणि ते हातातून सुटलेलं आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा दादूसच्या मांडीवर डोकं होतं. ते माझ्या तोंडात गूळ कोंबत होते आणि कोणाला तरी ओरडून रिक्षा थांबवायला सांगत होते. रिक्षात मला उलटी झाली. त्यांच्या शर्टावर झाली. त्यांनी मफलर सोडून माझं तोंड पुसलं. त्यांचे कान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दवाखान्यात सलाईन लागलं, साखर वर आली. तोवर बायको पोहोचली होती. केस न विंचरता, पायात दोन वेगळ्या चपला. डॉक्टरांनी तिच्यादेखत विचारलं, "साखर फार खाली गेली होती. सकाळी काही खाल्लं होतं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी सकाळी मी तिला फसवलं होतं, ते सगळं त्या एका उत्तराला लटकलं होतं.

"हो," मी म्हणालो. "भाकरी आणि गूळ."

डॉक्टर विचारात पडले. "मग इतकी खाली जायला नको होती. उलटी झाली म्हणता... बाहेरचं होतं का खाणं?"

ते सहज विचारत होते. पण बायकोच्या चेहऱ्यावर ते बसलेलं मला दिसलं. भाकरी बाहेरची होती. उलटी झाली होती. तिने दोन्ही जोडलं. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे मला झोप लागली आहे असं वाटावं.

दुपारी दादूस पुन्हा आले. पडद्यापलीकडे त्यांचा आवाज आला. "हिनं पेज करून दिली हाय. गरम हाय अजून."

बायको म्हणाली, "दादूस, राग मानू नका. आता तुमच्या घरचं काही नको. सकाळी तेच खाऊन हे झालंय."

 मग दादूस म्हणाले, "आमच्या भाकरीनं?"

"मी तसं म्हणत नाही. पण वय झालंय वहिनींचं. पीठ जुनं असेल, काही पडलं असेल. डॉक्टरांनीच विचारलं, बाहेरचं होतं का म्हणून."

मला फक्त तोंड उघडायचं होतं. मध्ये एक हिरवा पडदा होता, बस. दादूस म्हणाले, "बरा. त्याला आराम करू दे." आणि डबा तसाच घेऊन गेले. त्यांच्या भोकवाल्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी डोळे मिटून पडून होतो.

त्यानंतरचं सगळं आपोआप झालं. मला काही करावं लागलं नाही, आणि मी काही केलंही नाही. सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की सकाळच्या पळण्याच्या वेळी कोणीही बाहेरचं अन्न खाऊ नये. नाव कोणाचंच नव्हतं, पण नाव सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "साहेब, तुम्ही वाचलात म्हणून ठीक. उद्या कोणाला काही झालं तर लायबिलिटी कोण घेणार? म्हातारा आहे चांगला, पण जरा सटकलेलाच ना. पार्किंगमधून पळवतो लोकांना."

मी म्हणालो, "हो ना."

'हो ना' असं म्हणालो मी.

आधी सोसायटीवाले सुटले, मग मॅडम सुटल्या, मग गावातलेही. दादूस एकटे पळायला लागले. डबा नाही, गप्पा नाहीत. बाल्कनीतून मला कधी कधी दिसायचे. शोरूमला वळसा घालून, कडेकडेने. त्यांच्याशी बोलायला बरोबर कोणी नव्हतं. पाऊस संपला, दिवाळी झाली. मी पळणं सोडलं होतं. डॉक्टरांनी सोडायला सांगितलं नव्हतं. दादूस रस्त्यात भेटतील म्हणून सोडलं होतं. वाटायचं, लोक विसरतील. खरं म्हणजे लोक विसरलेही. ज्यांनी विसरायला हवं होतं तेच विसरले नव्हते.

थंडी ओसरताना भाजी बाजारात वहिनी भेटल्या. त्यांनीच हाक मारली, मला पळायला जागा नव्हती. तब्येत विचारली, बायकोची विचारली. मग पिशवी खाली ठेवली.

"भाऊ, एक विचारू? खरा सांगशील?"

"विचारा ना."

"त्या दिसाला भाकरी कडू लागली काय तुना? वास होता काय?"

मी समोरची कोथिंबिरीची जुडी उचलली.

"माझ्या डोल्याला मोतीबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "पिठान काय पडला तर मना दिसत नाय आता. त्या दिसापासून मी इचार करतंय. सगला पीठ फेकून दिला मी. गिरन बदलली. आता नातवंडा आली तरी भाकरी नाय करत, पाव आनतो आमी. वरती दोन पोरी रव्हतात, नर्स हायत, त्यांना रोज द्यायची. त्यांनी ऐकला कुठून तरी. आता म्हनतात, मावशी, आमचा पोट भरलेला हाय. बोलत नाय कोन काय. पन समजतंय ना माणसाला."

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "नाही वहिनी, तसं काही नव्हतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिथून निघालो. मागे वळून पाहिलं नाही. त्या बहुतेक तिथेच उभ्या होत्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. रविवार होता, ताटं वाढलेली होती. ती ऐकत गेली. कावळ्यांपर्यंत आलो तेव्हा तिने हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे मी त्यांना दवाखान्यातून परत पाठवलं," ती म्हणाली. "मी. माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही ते."

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? भाकरी माझी नव्हती." मग उठून बेसिनशी गेली आणि नळ चालू ठेवून बराच वेळ उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "आधी तुम्ही जा. तुमचं झालं की मग मी जाईन. माझं वेगळं आहे, ते मी फेडीन."

त्या दिवशी मी गेलो नाही. मी सोपी वाट धरली. ग्रुपवर लिहिलं की त्या दिवशी माझा उपवास होता, चूक माझी होती, दादूसचा काही दोष नाही. भराभर हात जोडलेली चित्रं आली, अंगठे आले. सेक्रेटरींनी लिहिलं, 'हेल्थ इज वेल्थ सर.' क्षणभर वाटलं, झालं. मग लक्षात आलं की दादूसकडे साधा फोन आहे आणि वहिनींकडे तोही नाही. ज्यांची माफी मागायची ते दोघं सोडून मी सगळ्यांची मागितली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर शिरवण्याला गेलो. दादूस ओट्यावर बसून नवीन बुटाला भोक पाडत होते. मला बघून ब्लेड बाजूला ठेवलं. "ये बाला," म्हणाले, जसा मी कालच भेटलो होतो.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. भाकरी खिशात घालत होतो, रोज, तुमची पाठ वळली की. दवाखान्यात खोटं बोललो. तुम्ही पेज घेऊन आलात तेव्हा मी जागा होतो.

 मला वाटलं दादूस ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "जागा होतास?"

"हो."

त्यांनी मान खाली घातली. ब्लेड उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाले, "मना काय सांगतोस? मी पलतोय अजून. आतमदी जा. तिला सांग."

वहिनी आत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. निवडत म्हणजे बोटांनी चाचपत होत्या, सूप अगदी डोळ्यांजवळ धरून. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते जास्त कठीण गेलं. कावळ्यांचं सांगताना मी जमिनीकडे बघत बोललो.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे पीठ चांगला होता."

"चांगलं होतं, वहिनी. सगळं चांगलं होतं."

"आनि मी सगला फेकला."

 त्यांनी पदराने डोळे पुसले, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, मला जायला सांगत आहेत. मी उठलो.

"वरती चल," त्या म्हणाल्या.

"वर?"

"पोरी ड्युटीला जायच्या हायत. निघून जातील. चल."

जिन्यात त्या पुढे होत्या, भिंतीला हात लावत एकेक पायरी चढत होत्या. मागून दादूस आले होते, ते खालच्या वळणावरच थांबले. वहिनींनी दार वाजवलं आणि बाजूला सरकल्या, म्हणजे दार उघडेल तेव्हा समोर मी दिसेन. केसांना टॉवेल गुंडाळलेल्या एका मुलीने दार उघडलं. मागे दुसरी गणवेशाला इस्त्री करत होती.

"काय झालं मावशी?" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, "कोण पाहिजे काका?"

"ताई, तुम्ही मला ओळखत नाही," मी म्हणालो. "यांच्या भाकरीने ज्याला त्रास झाला असं तुम्ही ऐकलंत, तो माणूस मी. मी त्या दिवशी भाकरी खाल्लीच नव्हती. फेकून दिली होती. उपाशी राहिलो म्हणून पडलो, आणि बायकोपासून लपवायला खाल्ली म्हणून सांगितलं. यांच्या हातच्या भाकरीत काहीच वाईट नव्हतं. खोटा मी होतो. वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा."